अर्धं अंडं

पनवेल,
१७ जानेवारी १९६५

चि. भगवान यास आशीर्वाद.

नाताळातलं तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय. उत्तर लिहायला बसलो की शाळेच्या वह्या पुढ्यात ओढतो आणि त्याच तपासत राहतो. आता वह्या संपल्या, म्हणून लिहितोय.

माझी प्रकृती उत्तम आहे. ही बातमी चांगली आहे हे मला कळतं. ठाण्याला जाऊन छातीचा फोटो काढून आलो. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडावर धरून दाखवला आणि म्हणाले, "मास्तर, क्षय गेला. आता खुशाल पोरांना छड्या मारा." मी बरं म्हटलं. अंगावर मांस चढलंय, जुने सदरे काखेत तटतात. परवा काशिराम न्हावी दाढी करता करता म्हणाला, "मास्तर, तुमी तर दहा वर्सं मागं गेलात. काय खाता तरी काय?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो असेन. एकेकाळी हीच मंडळी मला पाहून तोंडाला रुमाल लावायची, तेव्हा त्यांचं काही चुकलं असंही म्हणवत नाही.

तुझ्या ताईला जाऊन चार महिने झाले. घरात सगळं जागच्या जागी आहे. तिच्या कोंबड्या शेजारच्या मैनाकाकूंना देऊन टाकल्या. लोक भेटायला येतात, मी चहा ठेवतो, ते माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी कपाकडे. मला रडू येत नाही. यावं असं वाटतं, पण येत नाही, आणि ते न येण्याचंही विशेष काही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी उलव्याहून तुझी आई आली होती. सुकटीची पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "मास्तर, गोदूला करून घ्या. परक्या घरची आनलीत तर मी या दारात कंच्या नात्यानं येऊ?" तुम्हा भावंडांतली धाकटी गोदू बावीस वर्षांची, मी अडतीसचा. मी हे बोललो तर म्हणाली, "तुमी कुटं अडतीसचे दिसता?" तुझे वडील नाहीत, तेव्हा त्या घरात कर्ता पुरुष तू. तुझा होकार आला तर अक्षय्यतृतीयेला उरकून टाकू असं तिचं म्हणणं आहे.

माझं मत विचारशील तर मला मत नाही. हो म्हणायला काही वाटत नाही आणि नाही म्हणायलाही. म्हणून तू ठरव.

सातवीची मुलं विचारतात, मास्तर, तुमचा मेहुणा नैनीतालला तारे मोजतो म्हणजे नेमकं काय करतो? सवडीने लिही. वर्गात तेवढंच बोलायला होईल.

तुझा,
आनंदा

*

नैनीताल,
२ फेब्रुवारी १९६५

ती. भावोजींस साष्टांग नमस्कार.

इथे बर्फ पडलाय. दौत शेगडीजवळ ठेवून लिहितोय, नाहीतर शाई गोठते. तुमची छाती स्वच्छ निघाली हे वाचून फार बरं वाटलं. ताईने ज्यासाठी एवढं केलं ते तरी फळाला आलं.

गोदूचं म्हणाल तर आईचं बोलणं आपल्या रीतीला धरूनच आहे. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही हेही मला ठाऊक आहे. पण तिला कुणी विचारलंय का? ती चौथीपर्यंत शिकली आहे, लिहिता येतं. मी तिला वेगळं पत्र टाकलंय. तिचं उत्तर आलं की माझं उत्तर.

आता तुमच्या सातवीसाठी. त्यांना सांगा, मी तारे दिवसा बघतो, आणि तेही काचेवर. दुर्बिणीला फोटोची काच लावून थोर मंडळी रात्री आकाशाचे फोटो काढतात. एकाच भागाचे दोन फोटो, एक निळ्या उजेडाचा, एक पिवळ्या उजेडाचा. सकाळी त्या काचा माझ्याकडे येतात. मी भिंगाखाली एकेका ताऱ्याचा ठिपका दोन्हींवर मोजतो. निळ्या काचेवर जास्त ठसठशीत उमटला तर तारा निळा, पिवळ्यावर उमटला तर तांबूस. झालं माझं काम. पाटावर तांदूळ निवडत बसण्यासारखंच आहे.

रंगाचं एवढं कौतुक का, तर रंगावरून वय कळतं. सध्या माझ्याकडे कर्क राशीतला, पुष्याच्या थोडा खाली असलेला, ताऱ्यांचा एक घोळका आहे. घोळक्यातले तारे एकाच वेळी जन्मलेले असतात, आपल्या शाळेतल्या एका वर्गासारखे. निळे तारे म्हणजे दांडगे तारे. ते धडाधड जळतात आणि लवकर संपतात. हा घोळका इतका जुना आहे की त्यातले निळे केव्हाच संपून जायला हवे होते. मागे उरावेत ते नुसते पिवळे आणि तांबडे. तरी काही थोडे निळे तिथे चमकतायत. समजा, तुमच्या बरोबरीचे सगळे जण सत्तरीला टेकलेत, पाठीत वाकलेत, आणि त्यांच्यात दोघं-तिघं पंचविशीचे दिसतायत. मग काय म्हणाल?

साहेबांकडे गेल्या वर्षीचं एक विलायती मासिक आलंय, त्यात एका प्राध्यापकांनी याचा खुलासा केलाय. त्यांचं म्हणणं असं. हे तारे एकेकटे नसावेत, जोडीने असावेत. जोडीतला जो मोठा तो आधी म्हातारा होतो आणि फुगत जातो. फुगता फुगता त्याचं अंग दोघांमधल्या शिवेच्या पलीकडे जातं आणि जोडीदारावर सांडायला लागतं. जोडीदाराला आयतं इंधन मिळतं. तो जड होतो, तापतो, निळा होतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय तरणाबांड तारा आहे. त्याचं वय काही कमी होत नाही. तो तसा दिसतो एवढंच. ही अजून कल्पना आहे, कुणी सिद्ध केलेली नाही. पण मला पटते.

काशिरामचं वाचून मला हसू आलं. त्याला म्हणावं, आमचे मास्तर त्या पुष्याखालच्या ताऱ्यांतले आहेत.

एक विचारायचं राहून जातं दर वेळी. ताईला नेमकं काय झालं होतं? आईच्या पत्रात 'सुकत गेली' याखेरीज काही नाही. तार माझ्या हातात पडली तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. त्या दिवशी मी कामावर गेलो आणि काचा मोजल्या. नंतर साहेबांनी तपासलं, एक आकडा चुकला नव्हता. मला त्याची लाज वाटते.

आपला,
भगवान

*

पनवेल,
७ मार्च १९६५

चि. भगवान यास आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. पोरं खूश झाली. त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही, ते तू दे. त्या जोडीतल्या दुसऱ्याचं काय होतं? ज्याचं सांडलं त्याचं. तू चमकणाऱ्याविषयी पानभर लिहिलंस, त्याच्याविषयी काहीच लिहिलं नाहीस.

ताईचं विचारतोस. अशक्तपणा, दुसरं काही नाही. मी बरा झालो आणि ती थकली. श्रावणात उलव्याला विश्रांतीसाठी गेली ती तिथेच गेली. मी रविवारी जायचो तेव्हा उठून बसायची, केस विंचरून बसायची. गणपती झाले आणि निरोप आला.

पण अशक्तपणा का आला, ते तुला माहीत असायला हवं. मी दोन वर्षं खाटेवर होतो. डॉक्टरांनी सुया दिल्या आणि सांगितलं, नुसत्या सुयांनी भागायचं नाही, अंगाला खाणं लागलं पाहिजे, दूध, अंडी, मासळी. अर्ध्या पगारावरच्या मास्तरच्या घरात हे कुठून येणार? ते तुझ्या वेणूताईने आणलं. कोंबड्या पाळल्या. पहाटे खाडीवर जाऊन चिखलातल्या निवट्या, चिंबोऱ्या धरून आणायची. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायका असतात म्हणतात, ही मांडा मला द्यायची आणि कोंडा स्वतः खायची. मला ते दिसत होतं. मी जेवत होतो. तुझ्या पत्रातलं 'आयतं इंधन' वाचलं तेव्हा मी ते पान जरा वेळ पालथं घालून ठेवलं. तुझी चूक नाही, तू थट्टेत लिहिलंस.

एकच गोष्ट मी केली. तिला किती सांगितलं तरी ती स्वतःसाठी अंडं शिजवायची नाही. मी जेवून उठलो की माझ्याच ताटात बसायची, त्यात राहिलं असेल ते आणि वर पेज, हे तिचं जेवण. डॉक्टरांनी ताटवाटी वेगळी ठेवा म्हणून बजावलं होतं. मी तिला तसं म्हटलंही. तर म्हणाली, पाहुण्यासारखं वेगळं ताट घेऊन जेवायला मी या घरात पाहुणी आहे का? मग मी एक युक्ती काढली. रोज अर्धंच अंडं खायचो. पोट भरलं म्हणायचो आणि अर्धं ताटात ठेवून उठायचो. मासळीतला मधला तुकडाही ठेवायचो. ताटातलं अन्न टाकायचं नाही म्हणून ते ती खायची. मी आतून बघायचो. रोज थोडं का होईना, तिच्या पोटात जायचं.

माझ्या हातून तिच्यासाठी झालं ते एवढंच. बाकी काही आठवलं की मी बधिर होतो. हे आठवलं की जरा झोप लागते.

गोदूचं उत्तर आलं का? तुझी आई मांडवाचं बोलायला लागली आहे.

तुझा,
आनंदा

*

उलवे,
धुळवडीचा दिवस

दादाला गोदूचा नमस्कार.

तुजा कागद भेटला. तू इचारलंस, भावोजी तुला पसंत हायत का. मला आजवर कोनी काय इचारलं नाय, म्हनून आदी हसूच आलं. उत्तर लिवायला उशीर झाला, मिठागरावर मीठ ओढायची घाई हाय.

माजी ना नाय. का ते सांगते. भावोजी आजारी होते तवा मी पनवेलला ताईकडं र्‍हायले होते. ताई त्यांच्या ताटात जेवायला बसायची. तर भावोजी मुद्दाम अर्धं अंडं ताटात ठेवून उठायचे. ताईला वाटायचं त्यांना जात नाय. मला कळायचं. मी भिताडाआडून बघितलंय, ते आतून वाकून बघायचे, ताईनं खाल्लं का नाय. आपल्या गावात एवढे पुरुष बघितले, बायकोसाठी ताटात अंडं ठेवनारा एक नाय बघितला. अशा मानसाच्या घरात मी सुखानं र्‍हाईन.

आनखी एक हाय. ताईनं शपत घातली होती म्हनून मी कोनाला बोलले नाय. आता ती नाय तर तुला सांगते. श्रावनात ती हितं आली तवा तिला रोज दिवेलागनीला ताप भरायचा. खोकताना रगत पडायचं. ते ती चुलीतली राख टाकून झाकायची. म्हनायची, मास्तरांना कळलं तर ते परत खाट धरतील, आता कुटं बरे झालेत. रविवारी ते यायचे तवा तोंडाला पानी लावून, केस इंचरून बसायची. त्यांच्यासमोर खोकला दाबून धरायची. तिला जेवन जायचं नाय. तिच्या ताटातलं मीच संपवायचे. अन्न कशाला वाया घालवायचं?

आमी बऱ्या हाव. मला दिवाळीपासून खोकला हाय, मिठागराचा वारा लागला असं आई म्हनते. हळद-गूळ देते. जरा बारीक झाले, म्हनून आई म्हनते लगीन लवकर उरकू. तू काळजी करू नको. लग्नाला ये.

गोदू

*

नैनीताल,
२६ मार्च १९६५

ती. भावोजींस नमस्कार.

तुमच्या वर्गाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

ज्याचं सांडलं तो लहान होत जातो. अंगावरचं सगळं गेलं की आतला गाभा तेवढा उरतो. आपल्या व्याधाच्या ताऱ्याला असा एक जोडीदार आहे. पृथ्वीएवढाच आहे, पांढरा, आणि व्याधाच्या झगझगाटात डोळ्यांना दिसत नाही. तो आहे हे प्रथम कळलं ते व्याधाच्या चालीवरून. व्याध सरळ न जाता किंचित डोलत जातो. कुणीतरी शेजारी असल्याशिवाय असं डोलणं होत नाही, म्हणून लोकांनी हिशेब मांडला, आणि पुष्कळ वर्षांनी तो सापडला. पुष्याखालच्या निळ्यांच्या शेजारी असेच कुणी असतील, नसतील. आमच्या काचांवर ते उमटत नाहीत.

आता दुसरं. गोदूचं पत्र आलं. लग्नाला तिची ना नाही. पण तिने दोन गोष्टी लिहिल्यात त्या तुम्हाला माहीत नाहीत. ताईला उलव्याला रोज संध्याकाळी ताप यायचा आणि खोकल्यातून रक्त पडायचं. तुम्हाला कळू नये म्हणून तिने गोदूला शपथ घातली होती. भावोजी, हा अशक्तपणा नव्हता. तुम्ही दोन वर्षं त्यातून गेलात, तुम्हाला याचं नाव मी सांगायला नको.

आणि गोदू शेवटपर्यंत ताईच्या ताटातलं संपवत होती. तिला दिवाळीपासून खोकला आहे. बारीक झाली आहे. आई हळद-गूळ देते आहे.

इथवर लिहून थांबावं असं फार वाटलं. 'गोदूला डॉक्टरांकडे न्या' एवढंच लिहिलेली पत्रं मी फाडली. कारण तेवढ्याने होणार नाही. लग्न तोंडावर असताना पोरीला क्षयाच्या डॉक्टरकडे नेलं तर गावात बभ्रा होईल म्हणून आई अडून बसेल. तुम्ही विचाराल, ताईला अशक्तपणा होता, मग गोदूला कशाला? आणि मग आईच्या शब्दाबाहेर जाणार नाही. तुम्हाला सगळं कळल्याशिवाय तुम्ही हलणार नाही. म्हणून लिहितो.

ताईला ते तुमच्याकडून लागलं. ती तुमच्या ताटात जेवत होती. तुम्ही तिच्यासाठी जे अर्धं ठेवत होता ते तुमच्या ताटातलं, तुमच्या हातचं होतं.

इथल्या डॉक्टरांना मी सगळं विचारलं. ते म्हणतात, हा रोग मुख्यतः श्वासातून लागतो. एका खोलीत, एका खाटेशेजारी दोन वर्षं काढली, पोटात अन्न नाही, तर ताट वेगळं असतं तरी लागला असता. ताटातूनच लागला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. मी हे तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, ते तसं म्हणाले म्हणून लिहितो.

तुम्हाला त्या एका गोष्टीवर झोप लागत होती, आणि मी तीच काढून घेतोय. मला दुसरी वाट दिसली नाही. ताईच्या वेळी मी काचा मोजत बसलो. गोदूच्या वेळी तसं करवत नाही. तिला उद्याच्या उद्या ठाण्याला न्या.

भगवान

*

नैनीताल,
१७ एप्रिल १९६५

ती. भावोजींस नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर नाही. पोचलं की नाही तेही कळत नाही. हे कार्ड आहे म्हणून जास्त लिहीत नाही. आईलाही कार्ड टाकलंय. तिचंही काही नाही. रागाने का होईना, दोन ओळी टाका. मी रजेचा अर्ज दिलाय, पण उन्हाळ्यात इथे कामाची गर्दी असते, मिळेल असं वाटत नाही.

भगवान

*

पनवेल,
२ मे १९६५

चि. भगवान यास आशीर्वाद.

पत्रही मिळालं आणि कार्डही. राग नाही. लिहायला सवड नव्हती, आणि काय लिहायचं तेही कळत नव्हतं.

पत्र शाळेत आलं. मधल्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर गणिताचा तास होता तो घेतला. त्रैराशिकं शिकवली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून उलव्याला गेलो.

तू म्हणालास तसंच झालं. तुझी आई दारातच उभी राहिली. म्हणाली, "लगीन तोंडावर हाय आनि तुमी माज्या पोरीच्या छातीचा फोटू काढता? उद्या कोन दारात उभं करील तिला?" मी म्हटलं, "वेणूला क्षय होता. माझा होता." ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मग उठून परसात गेली आणि गोदूला म्हणाली, "लुगडं बदल."

उजव्या बाजूला वर डाग आहे. छोटा आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी चार-सहा महिने हळद-गूळ दिला असता तर अवघड होतं. वर्षभर सुया आणि गोळ्या. पोरगी वाचेल. हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. तुझ्या आईचाही फोटो काढला, ती स्वच्छ आहे. तूही तिथे काढून घे.

सुया रोज लागतात आणि उलव्याला कोण देणार, म्हणून दोघींना इथे घेऊन आलो. गल्लीत कुजबुज आहे. कुणी म्हणतं लग्नाआधीच घरात आणली, कुणी म्हणतं मास्तरच्या घराला शाप आहे. काशिराम आता काही विचारत नाही.

एक खोटं बोललो होतो. तुझं पत्र मी वर्गात कधी वाचलंच नाही. दुसऱ्याचं काय होतं हा प्रश्न माझा होता. ताटाचं आमच्या डॉक्टरांनीही तुझ्या डॉक्टरांसारखंच सांगितलं. श्वास, खोली, उपास, कशाकशातून लागला ते देव जाणे. तुझ्या त्या प्राध्यापकांचंही अजून सिद्ध झालेलं नाही म्हणतोस. असू दे. मी शाळामास्तर आहे, उत्तर बरोबर आलं की मला कळतं. तिने स्वतःच्या तोंडचं काढून मला दिलं, त्यातलं अर्धं मी तिला परत केलं आणि त्याचं मोठेपण मिरवलं. आईजीच्या जिवावर बाईजी उदार. वाईट फार वाटेल असं वाटलं होतं. अजून वाटलेलं नाही. वाटायचं असेल तेव्हा वाटेल.

तू लिहिलंस ते बरं केलंस. न लिहितास तर मी रोज झोपलो असतो आणि एक दिवस गोदूलाही उलव्याच्या त्याच वाटेने पोचवून आलो असतो.

परवा अक्षय्यतृतीया. लग्न होणार नाही. तुझ्या आईला मी तसं सांगितलं. गोदू बरी झाली की तिला तिच्या वयाचं स्थळ बघ. तोवर ती माझ्या घरात पोरीसारखी राहील.

गोदूला मी ताटाचं हे काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ताईवर माझा किती जीव होता याची ती गोष्ट सांगते, मैनाकाकूंना, सुई देणाऱ्या बाईला, सगळ्यांना. तिला खरं कळलं तर ताईच्या ताटातल्या घासाबरोबर तिने स्वतः काय खाल्लं तेही कळेल. म्हणून तिला वाटतं की ती आजारी निघाली आणि मी शब्द फिरवला.

चार दिवसांमागे मी जेवून उठलो तर ती माझ्या ताटाजवळ पाट सरकवून बसायला लागली. मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन माझं मीच घासलं. ती पाठीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताईला बसू देत होता तुमी या ताटात. मी एवढी वाईट हाय?" मी म्हटलं, "तसं समज."

तेव्हापासून ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घेते, भिंतीकडे तोंड करून बसते आणि ताटातलं सगळं संपवते.

तुझा,
आनंदा